उद्याच्या डर्बीची पारख

घोड्याची पारख हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. भीमेकाठची तट्टे आणि त्यांवर मांड टाकणारे शिलेदार यांच्या काळापासून घोड्याची चाल, त्याचा रंग आणि त्याच्या अंगावरचे भोवरे पाहून गुणदोष सांगणारी माणसे येथे होती. तथापि शिलेदारापुढे बहुधा वाढ झालेले जनावर उभे असे. ते आज कसे आहे, एवढेच त्याला पाहावयाचे असे. शर्यतीच्या घोड्याची पारख करणाऱ्याचे काम याहून अवघड आहे. त्याच्यापुढे उभे असते दोन वर्षांचे कोवळे जनावर, आणि त्याने सांगावयाचे असते ते हे, की पुढल्या वर्षी या जनावराचे काय होईल.

इंग्लंडमध्ये पाच शर्यतींना 'क्लासिक' हा मान आहे. डॉनकास्टरची सेंट लेजर १७७६ पासून, एप्समची ओक्स १७७९ पासून आणि तेथीलच डर्बी १७८० पासून चालत आली आहे. न्यूमार्केटच्या टू थाउजंड गिनीज आणि वन थाउजंड गिनीज या शर्यती अनुक्रमे १८०९ आणि १८१४ मध्ये सुरू झाल्या. पाचही शर्यती तीन वर्षांच्या जनावरांसाठी असतात. त्यांपैकी ओक्स आणि वन थाउजंड गिनीज या केवळ माद्यांसाठी. म्हणजे प्रत्येक जनावराच्या आयुष्यात ही संधी एकदाच येते. शिवाय पाचही शर्यती सारख्या अंतराच्या नाहीत. दोन्ही गिनीज एक मैलाच्या, डर्बी व ओक्स दीड मैलाच्या, तर सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. वसंतापासून सप्टेंबरपर्यंतच्या चारपाच महिन्यांत परीक्षेचे अंतर जवळजवळ दुप्पट होते.

शरद ऋतू सरत आला, की न्यूमार्केटच्या परिसरात एकच चर्चा सुरू होते. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती संपत आलेल्या असतात. पुढल्या वर्षीचा गिनीजचा मानकरी कोण, डर्बीचा कोण, याचे आडाखे बांधले जातात आणि त्यांवर पैजाही लागतात. परंतु ज्यांच्याविषयी हे बोलणे चालते, ती जनावरे तोपर्यंत पाच, सहा, सात फर्लांग, बहुधा फार तर आठ फर्लांग म्हणजे एक मैल धावलेली असतात. दीड मैलाचा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगणे, हे या पारखीचे खरे स्वरूप होय.

परीक्षकापुढे तीन साक्षीदार असतात. पहिला वंश, दुसरा देह आणि तिसरी प्रत्यक्ष कामगिरी.

वंशाची साक्ष सर्वांत भारदस्त. शर्यतीच्या घोड्याच्या कित्येक पिढ्यांची नोंद छापील ग्रंथांत मिळते. माणसाच्या घराण्यांतही इतकी चोख नोंद क्वचित आढळेल. वेग आणि दम हे दोन्ही गुण रक्तातून येतात, यात शंका नाही. २०१० साली डब्लिनमधील संशोधकांनी स्नायूंच्या वाढीशी संबंधित अशा एका जनुकाचा आणि घोड्याला मानवणाऱ्या अंतराचा संबंधही दाखवून दिला. परंतु रक्त कोणाच्या वाट्याला किती येईल, हे वंशावळीच्या कागदावर लिहिलेले नसते. लेडी जोसेफीन या वेगवान घोडीच्या दोन मुलींची हकीगत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांपैकी मुमताझ महल ही आगाखानांनी १९२२ मध्ये ९,१०० गिनी देऊन घेतली. १९२३ मध्ये, दोन वर्षांची असता, ती सहांपैकी पाच शर्यती जिंकली. पुढल्या वर्षी वन थाउजंड गिनीजमध्ये मात्र तिला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तिचा वेग लहान अंतराचा होता. आणि तरीही तिच्या मुलीचा मुलगा महमूद याने १९३६ ची डर्बी जिंकली. लेडी जोसेफीनची दुसरी मुलगी लेडी ज्यूरर. तिच्या वंशाची कथा पुढे यावयाची आहे.

दुसरा साक्षीदार देह. जाणता परीक्षक प्रथम घोड्याला उभे करून पाहतो आणि मग चालवून पाहतो. खांद्याचा उतार, छातीची खोली, पाठीची लांबी, पुठ्ठ्याची ताकद, गुडघ्यांचा सरळपणा, खुरांचा आकार, या सर्व गोष्टी तो नजरेने तोलतो. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे किती पडतो, हेही तो पाहतो. परंतु येथे एक गफलत सहज होते. दोन वर्षांचे जे जनावर आधीच भरलेले, घाटदार आणि पूर्ण वाढलेले दिसते, ते डोळ्यांत भरते; जे उंच, किडकिडीत आणि बेढब दिसते, ते मागे पडते. वस्तुतः पहिल्याची वाढ कदाचित संपत आलेली असते आणि दुसऱ्याची अजून व्हावयाची असते. त्यातच जन्मतारखेचा घोळ आहे. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. फेब्रुवारीत जन्मलेला आणि मे महिन्यात जन्मलेला, दोघेही कागदावर समवयस्क. त्या कोवळ्या वयात तीन महिन्यांचे अंतर म्हणजे थोडे नव्हे.

तिसरा साक्षीदार प्रत्यक्ष कामगिरी. त्याने स्वतः पाहिलेलेच सांगितलेले असते, म्हणून त्याच्यावर सर्वांचा विश्वास बसतो. कोणी कोणाला किती अंतराने हरविले, पाठीवर वजन किती होते, वेळ किती लागला, माती ओली होती की कोरडी, सारे नोंदलेले असते. तथापि पाच फर्लांगांवर मिळविलेला विजय पाच फर्लांगांचीच ग्वाही देतो. याहून अधिक त्याच्या तोंडी घालणे म्हणजे साक्ष पढविणे होय.

या तिन्ही साक्षी एकाच वेळी तपासावयाच्या, तर १९४७ सालाइतके बोधप्रद वर्ष विरळा. १९४६ च्या हंगामात ट्यूडर मिन्स्ट्रेल हा घोडा दोन वर्षांचा असता चारही शर्यतींत अजिंक्य राहिला होता. त्याचा पिता ओवेन ट्यूडर हा १९४१ च्या डर्बीचा विजेता. त्याची आई सॅन्सोनेट ही लेडी ज्यूररची मुलगी, आणि तिचा पिता सॅन्सोविनो हा १९२४ च्या डर्बीचा विजेता. दोन्ही बाजूंनी डर्बीचे रक्त, देह देखणा आणि कामगिरी निष्कलंक. १९४७ च्या वसंतात टू थाउजंड गिनीजमध्ये त्याने सर्वांना आठ लांबींनी मागे टाकले, तेव्हा उरलासुरला संशयही मिटला. गॉर्डन रिचर्ड्ससारखा नामांकित स्वार त्याच्या पाठीवर होता. डर्बीच्या दिवशी पैजेचा भाव इतका घसरला होता, की सात रुपये लावावे तेव्हा चार रुपयांचा लाभ व्हावा.

त्याच शर्यतीत आणखी एक नाव होते, आणि ते मराठी कानांना परके नव्हते. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले होते. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या हिशेबाने ही रक्कम २९,४०० पौंड होते. इतक्या लहान जनावरासाठी इंग्लंडच्या बाजारात तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती. ही किंमत वंशाची होती, कारण त्या शिंगराचा सख्खा भाऊ डान्टे त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. शिंगराला नाव मिळाले ते महाराजांच्या आजोबांचे, सयाजीराव. टू थाउजंड गिनीजमध्ये सयाजीराव तिसरा आला होता. ट्यूडर मिन्स्ट्रेलच्या झगमगाटात त्याच्याकडे किती जणांचे लक्ष गेले असेल!

डर्बीच्या दीड मैलात ट्यूडर मिन्स्ट्रेलचा दम पुरला नाही. तो चौथा आला. जिंकला पर्ल डायव्हर, ज्याच्यावर एकास चाळीस असा भाव होता. दुसरा आला आगाखानांचा मिगोली, आणि तिसरा सयाजीराव. येथे वंशावळीचा विनोद पाहण्यासारखा आहे. मिगोली हा मुमताझ महलच्या वंशातला आणि ट्यूडर मिन्स्ट्रेल हा तिच्या बहिणीच्या वंशातला. एकाच वेगवान पणजीखापरपणजीचे हे वारसदार. पण एकाच्या वाट्याला तिच्या वेगाबरोबर इतरांचा दमही आला, तर दुसऱ्याच्या वाट्याला दोन डर्बीविजेते पूर्वज असूनही तिचा निखळ वेगच आला. त्याच वर्षी सव्वा मैलाच्या एक्लिप्स शर्यतीतही मिगोलीने ट्यूडर मिन्स्ट्रेलला मागे टाकले. ट्यूडर मिन्स्ट्रेल घोडा म्हणून कमी नव्हता. एक मैलावर त्याच्यासारखे घोडे फार थोडे झाले असतील. चूक त्याची नव्हती. एक मैलाचे उत्तर दीड मैलाच्या प्रश्नाला जोडणाऱ्यांची ती चूक होती.

सयाजीरावाची कथा उलट्या दिशेने गेली. अंतर वाढत गेले तसा त्याचा गुण उघड होत गेला. त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली, आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला पावणेदोन मैलांहून लांब अशा सेंट लेजरमध्ये आर्बार या घोड्याला केवळ मस्तकभर अंतराने हरवून तो विजयी झाला. पुढल्या वर्षी महाराजांच्याच माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली, तीही मस्तकभर अंतरानेच. आणि डर्बीत तो चौथा आला. एकाच तबेल्यात एकाला गिनीज लाभली, दुसऱ्याला सेंट लेजर. दोघांनाही डर्बीने हुलकावणी दिली. प्रत्येक घोड्याला त्याचे अंतर असते, हेच यातून पुन्हा दिसून आले.

हा धडा वाया गेला नाही, असे म्हणावयास आधार आहे. २०१० मध्ये फ्रँकेल हा घोडा दोन वर्षांचा असता अजिंक्य राहिला. २०११ मध्ये त्याने टू थाउजंड गिनीज सहा लांबींनी जिंकली. डर्बीचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना करता येते. तथापि त्याचे शिक्षक हेन्री सेसिल आणि मालक राजपुत्र खालिद अब्दुल्ला यांनी त्याला डर्बीत धाडले नाही. त्याला एक मैलावरच ठेवले आणि २०१२ मध्ये, तो चार वर्षांचा झाल्यावर, सव्वा मैलाच्या आसपासच्या अंतरावर आणले. चौदा शर्यती धावून, एकही न हरता, तो निवृत्त झाला. जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत सोडून देणे, हाही पारखीचाच एक निर्णय होता.

या पारखीत केवळ पैसा आणि मान पणाला लागलेले असतात, असे नाही. ते जनावरही पणाला लागलेले असते. दोन वर्षांच्या घोड्याची हाडे पक्की झालेली नसतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाडाची वाढ साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते, आणि पाठीच्या कण्याला त्याहूनही अधिक काळ लागतो. घाईने बांधलेला अंदाज घाईची मेहनत मागतो, आणि त्या मेहनतीचा भार अपुऱ्या हाडांवर पडतो. शहाणा शिक्षक म्हणूनच काही घोड्यांविषयी एवढेच म्हणतो, की याचे अजून काही सांगता येत नाही. हे अज्ञान नव्हे. पारखीचा तो सर्वांत परिपक्व प्रकार होय.

भारतात ही परीक्षा थोडी उशिरा येते. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर गिनीज शर्यती हिवाळ्यात, तीन वर्षांचे वय सरत आले असता होतात. २,४०० मीटरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. १९४३ मध्ये ती प्रथम धावली गेली, तेव्हा प्रिन्सेस ब्यूटिफुल या बडोद्याच्या महाराजांच्याच घोडीने ती जिंकली. तिचा स्वार एडगर ब्रिट. चार वर्षांनी डॉनकास्टरला सयाजीरावाच्या पाठीवरही तोच होता. पुण्यात पावसाळी शर्यती चालू असतात, तेव्हा कठड्याशी उभे राहून जाणती मंडळी मुंबईच्या हिवाळ्याचे आडाखे बांधीत असतात. त्यांना इंग्लंडमधील परीक्षकापेक्षा काही महिने अधिक मिळालेले असतात. प्रश्न मात्र तोच असतो.

पहिल्या आलेल्या घोड्याकडे सर्वांचेच डोळे लागतात. खऱ्या पारख्याची नजर तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावर आलेल्या त्या उंच, अजून न भरलेल्या जनावराकडेही जाते. शर्यत संपल्यानंतर ते अजून धावू पाहते आहे की धापा टाकीत थांबले आहे, हे तो पाहतो. वहीत नाव टिपतो, आणि त्यापुढे निकाल न लिहिता जागा कोरी ठेवतो. ती जागा भरण्याचा अधिकार घोड्याचा असतो.