हळू चालेल ते इंजिन

मला आकाशवाणीवर बोलावतात ते बहुधा कवितेबद्दल बोलायला. या वेळी छंदाबद्दल बोला म्हटलं तेव्हा मी जरा लाजतच सांगितलं, की माझा छंद म्हणजे खेळण्यातली आगगाडी. पन्नाशी ओलांडलेला, नातू असलेला माणूस जमिनीवर पालथा पडून चार इंचांचं इंजिन पळवतो, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण मी इंजिन पळवत नाही, चालवतो. तेही जितकं हळू चालवता येईल तितकं हळू. आजचं माझं बोलणं या 'हळू'बद्दलच आहे.

आमचं घर मिरजेचं. मिरज हे एके काळी तिन्ही मापांचे रूळ असलेलं स्टेशन होतं. पुण्याकडची ब्रॉडगेज, लोंढ्याकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. माझे अब्बा मीटरगेजवर आधी फायरमन आणि पुढे ड्रायव्हर होते. त्यांच्या हातून सुटलेल्या गाडीला धक्का बसत नसे, अशी त्यांची ख्याती होती. ते म्हणत, "गाडी सुटली हे प्रवाशाला खिडकीतून कळलं पाहिजे, पाठीला नाही."

निवृत्तीनंतर सात वर्षांनी, २००३ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय चालू लागला, पण उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, हाताला काम द्या. अब्बांना कशातच गोडी वाटेना. रबरी चेंडू दाबायला दिला तर म्हणायचे, "मी काय लहान मूल आहे?" सहा-सात महिने असेच गेले.

पुढच्या वर्षी ईदला माझे चुलतभाऊ इंग्लंडहून, लेस्टरहून आले. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी अब्बांसाठी एक खोका आणला होता. त्यात सहा चाकांचं एक छोटं इंजिन, तीन डबे, गोल मांडायचे रूळ आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष तिचा किती आणि वयाचा किती, कोण जाणे.

मधल्या खोलीत सतरंजीवर रूळ मांडले. अब्बा खुर्चीतून वाकून बघत होते. इंजिन रुळावर ठेवल्याबरोबर म्हणाले, "याची चाकं फार आत आहेत. ही ब्रॉडगेज नव्हे आणि आपली मीटरगेजही नव्हे. मधलंच काहीतरी आहे."

त्यांचा डोळा किती अचूक होता, ते मला नंतर वाचताना कळलं. इंग्लंडमध्ये खेळण्यातल्या गाड्यांचं जे माप रूढ आहे, त्याला 'डबल ओ' म्हणतात. त्यात इंजिन खऱ्याच्या सुमारे ७६ पट लहान असतं, पण रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर खरं तर ८७ पट लहान केलेल्या गाडीचं आहे. ७६ च्या हिशेबानं ते जवळपास १९ मिलिमीटर हवं. असं का झालं? तर ब्रिटिश इंजिनं मुळात अंगानं लहान. ती ८७ पट लहान केली तर त्या काळची मोटर आत मावेना. मग अंग थोडं मोठं केलं आणि रूळ तसेच ठेवले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९२० साली चावीच्या गाड्या काढल्या. तो १९३६ साली वारला. त्याच्या कंपनीनं १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' या नावानं बारा व्होल्टवर चालणाऱ्या विजेच्या गाड्या आणल्या, आणि हे माप इंग्लंडात घट्ट बसलं. हिशेब केला तर या रुळांची खरी रुंदी सव्वा मीटरच्या आसपास येते. आपली मीटरगेज एक मीटर, इंग्लंडची १.४३५ आणि आपली ब्रॉडगेज १.६७६ मीटर. म्हणजे अब्बा म्हणाले तेच खरं, मधलंच काहीतरी.

तर गाडी जोडली. अब्बांच्या उजव्या हाताची बोटं मी कंट्रोलरच्या बटणावर ठेवली. त्यांनी थोडं फिरवलं, काही नाही. आणखी फिरवलं, काही नाही. आणखी थोडं फिरवलं आणि इंजिन ताडकन सुटलं, वळणावर रुळावरून उडालं आणि डब्यांसकट आडवं झालं.

अब्बा म्हणाले, "हे इंजिन नाही, बेडूक आहे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी मला जे वाटलं ते कवितेतही लिहिता आलेलं नाही.

मी मराठीचा बी.ए. माझं विजेचं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं. गाडी नीट चालत नाही म्हणजे चालवणारा डबा वाईट, असा सरळ अर्थ मी काढला. मुंबईला कविसंमेलन होतं, तिथल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हा भारीतला कंट्रोलर न्या, कसलंही इंजिन लोण्यासारखं चालेल." माझ्या पगाराच्या मानानं ती रक्कम मोठी होती, पण दिली.

घरी येऊन जोडला तर इंजिन खरोखर बरं चाललं. उडी मारेना. मी खूश. पण दोन वेळा फिरवल्यावर अब्बांनी बटण सोडून दिलं. "हे मी चालवत नाही. हा डबा चालवतोय." वर म्हणाले, "आणि याच्या पोटात दुखतंय. आवाज ऐक." इंजिन घुरघुरत होतं. हात लावला तर चांगलंच तापलेलं. शिवाय एका सांध्यावर ते दर फेरीला थबकतच होतं.

आमच्या गल्लीत माझा एक शाळासोबती रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याला दोन्ही डबे दाखवले. त्यानं जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण त्यात या खेळाचं सगळं मर्म आहे.

जुन्या कंट्रोलरमध्ये तारेचं वेटोळं असतं, ते वीज अडवतं. बटण फिरवलं की अडवणूक कमी होते. पण थांबलेली मोटर सुटताना सर्वांत जास्त वीज ओढते. वीज जास्त ओढली की त्या तारेतच जास्त व्होल्ट खर्ची पडतात आणि नेमकी गरज असताना मोटरला कमी मिळतात. म्हणून आपण बटण आणखी फिरवतो. मोटर एकदाची सुटली की तिची ओढ कमी होते, अडलेले व्होल्ट एकदम तिच्याकडे जातात आणि इंजिन उडी मारतं. बेडूक झाला तो असा.

भारीतला कंट्रोलर वीज सलग देत नाही, ठोक्याठोक्यानं देतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी मोटर आपल्या गतीनं फिरत असते आणि फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते. कंट्रोलर ती मोजतो. कमी भरली तर इंजिन अडखळतंय असं ओळखून पुढचा ठोका वाढवतो, जास्त भरली तर घटवतो. युक्ती मोठी हुशारीची आहे. पण इंजिनात घाण असेल, दाते अडत असतील, तर तो गुपचूप जास्त जोर लावून ते झाकून टाकतो. मोटर आतल्या आत तापत राहते. आणि चाकापर्यंत वीजच पोचत नसेल तर त्याच्याही हातात काही नाही. मित्र म्हणाला, "तुझे अब्बा बरोबर बोलले. आधी आजार बघ, मग औषध."

मग इंजिन उघडलं. आत काय नव्हतं? आसाला गुंडाळलेले केस, आमच्याच सतरंजीचे धागे, घट्ट होऊन गोंदासारखं झालेलं तेल. चाकांच्या कडा काळ्या. रुळातली वीज चाकातून मोटरकडे नेणाऱ्या पातळ पट्ट्या असतात, त्यातली एक वाकून चाकापासून सुटली होती. म्हणून ते सांध्यावर थबकत होतं.

साफ करायला स्पिरिट हवं होतं. मिरज सतारीचं गाव. शेजारच्या सतारमेकर चाचांकडे पॉलिशसाठी स्पिरिट असतंच. मी मागितलं तर म्हणाले, "लाख घातलेलं नेऊ नकोस, कोरं ने, नाहीतर गाडी जागच्या जागी चिकटून बसेल." त्या कोऱ्या स्पिरिटनं रूळ आणि चाकं पुसली. पॉलिश पेपर लावायचा मोह झाला होता, तो मित्रानं आवरला. पेपरानं ओरखडे पडतात आणि पुढची घाण तिथंच बसते. पट्टी सरळ केली, दात्यांना सुईच्या टोकानं तेलाचा एकेक थेंब दिला. सतरंजी काढून रूळ लाकडी फळीवर ठोकले.

मित्रानं एका जुन्या टिफिनच्या डब्यात ट्रान्झिस्टरचा साधा कंट्रोलर बसवून दिला. त्यात मोजमाप नाही, हुशारी नाही. मोटरनं वीज कितीही ओढली तरी ठरवलेले व्होल्ट फारसे ढळत नाहीत, एवढंच. बटण मात्र त्यानं जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं लावलं, मोठं, अब्बांच्या बोटांत बसेल असं.

आता परीक्षा कशी घ्यायची? मी कागदावर हिशेब केला. शंटिंग करणारं इंजिन ताशी पाच किलोमीटरनं चालतं असं धरलं, तर ७६ पट लहान इंजिनानं एक मीटर रूळ सुमारे ५५ सेकंदांत ओलांडला पाहिजे. ताशी शंभरचा वेग हवा तर तोच मीटर पावणेतीन सेकंदांत. पळायला कुठलंही इंजिन पळतं. ५५ सेकंद न थांबता, न अडखळता रांगणं, हे चांगल्या इंजिनाचं काम.

हिशेब ऐकून अब्बा पहिल्यांदा हसले. नोकरीतलं घड्याळ त्यांनी डाव्या हातात धरलं, उजवा हात बटणावर. पहिल्या दिवशी वीस सेकंदांतच मीटर संपला. हात कापायचा, बटण पुढे सरकायचं. पण रोज असरच्या नमाजनंतर ते बसू लागले. महिन्याभरात तीस झाले. पावसाळा संपता संपता अठ्ठेचाळीस. त्याखाली ते इंजिन जाईना. मोटरच्या फिरत्या भागाला तीनच पोल होते. तीन पोलांची मोटर फार हळू फिरवली की एका पोलावरून दुसऱ्यावर जाताना ठेचकाळते. पाच पोलांची असती तर आणखी हळू गेली असती. अब्बा म्हणाले, "त्याला जेवढं येतं तेवढं त्यानं दिलं. आता त्याला छळू नको."

त्यांचा हात पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण पुढं ते उजव्या हातानं चहाचा कप उचलू लागले. चहा सांडत नसे.

अब्बा २०११ मध्ये गेले. छंद मला चिकटला. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं, १९९८ साली सुरू झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथं मी अनेकदा जाऊन उभा राहिलो आहे. इंजिनंही आता पुष्कळ सुधारली. पाच पोलांच्या मोटरी आल्या. आत पितळी फ्लायव्हील असतं, वीज क्षणभर तुटली तरी त्याच्या भारानं इंजिन पुढे सरकतं. सगळ्या चाकांतून वीज घेतात. डिजिटल पद्धतीत तर रुळांत वीज कायम पूर्ण असते आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातली चकती आपल्यापुरता हुकूम ऐकते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या चालीनं जातात. काहींत वीज साठवणारा कपॅसिटरही असतो. पण चांगल्या वस्तूचीही काळजी घ्यावी लागते. गाभा नसलेल्या हलक्या मोटरींना जुन्या धर्तीच्या ठोकेवाल्या कंट्रोलरनं इजा होऊ शकते, तेव्हा विचारून जोडावं.

तुमच्यापैकी कुणी नातवंडांसाठी अशी गाडी घ्यायला गेलात, तर माझं एवढंच ऐका. दुकानदार ती भरधाव पळवून दाखवील. त्याला म्हणा, सर्वांत हळू चालवून दाखवा. घरी बिघडली तर आधी रूळ पुसा, मग चाकं, मग पट्ट्या, मग दाते आणि तेल, मग मोटर बघा. कंट्रोलरला दोष सगळ्यांत शेवटी द्या. मी उलटीकडून सुरुवात केली आणि पैसे घालवले.

माझ्या मुलीचा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी डिजिटल इंजिन घेतलं, ते तो मोबाइलवरून चालवतो. आल्या आल्या त्यानं ते तीन सेकंदांत मीटरभर पळवलं आणि म्हणाला, "नाना, बघा!" मी अब्बांचं घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "आता पंचावन्न करून दाखव." तो चिडला, रुसला, पुन्हा बसला. जाण्याआधी एकतीसपर्यंत आला होता. अजून चोवीस सेकंद बाकी आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत तो परत येणार आहे. रूळ पुसून ठेवायचे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)