गोटे गेले, गाव गेले

श्रोतेहो, आपल्या चारठाण्यापासून समुद्र फार लांब. पण पूर्णेतला वाळूउपसा आपण पाहतोच. म्हणून इंग्लंडमधल्या डेव्हन किनाऱ्यावरच्या हॉलसँड्स या कोळीवस्तीची हकीकत सांगतो. प्लिमथच्या नौदल गोदीसाठी १८९७ पासून गावासमोरच्या समुद्रातून सुमारे साडेसहा लाख टन गोटे-वाळू उपसली गेली. समुद्र ती भरून काढील, असा अधिकाऱ्यांचा हिशेब! समुद्राने किनाऱ्यावरचेच गोटे खाली ओढून नेले. लाटांचा जोर जिरवणारा तो ढीगच खचला. कोळ्यांच्या ओरडण्यामुळे १९०२ मध्ये उपसा थांबला, पण जानेवारी १९१७ च्या वादळात गाव गेले. माणसे वाचली, राहण्याजोगे घर एकच उरले.

आपल्याकडे मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदी आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर, धूप रोखायला दगडी बंधारे घालावे लागले. अशा बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळूही घेऊन जाते.