कपडा जपला, माणूस हरवला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सन 2001 मध्ये मी माझ्या कवितांची वही कोल्हापुरात संगणकावर टाईप करून घेतली. कागदावर उमटलेलं अक्षर देखणं होतं. सोबत मिळालेली सीडी उचगावच्या घरी कपाटात जपून ठेवली. बऱ्याच वर्षांनी मुलीनं ती आपल्या संगणकात घातली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. कविता कुठंच नाही!

त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलाच जात नसे. आत भलतंच चिन्ह असे. फॉन्ट त्याला फक्त ‘क’चा आकार देई. फॉन्ट गेला की मराठीही गेली. माझा फॉन्ट कोणता होता, तेही आठवेना. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, 2325. फॉन्ट कुठलाही लावा, तो ‘क’च राहतो.

सुदैवानं वही शिल्लक होती. मुलीनं कविता पुन्हा टाईप केल्या आणि वेबसाईट करायला घेतली. मी म्हणालो, “शीर्षक मोठं आणि लाल कर.” ती म्हणाली, “अब्बा, इथं फक्त ‘हे शीर्षक आहे’ एवढंच नोंदवायचं. लाल की निळं, ते तुम्ही मागाहून ठरवा. ती फाईल वेगळी.”

मजकूर आणि त्याची बांधणी एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये. ही सीएसएसची कल्पना होकून वियुम ली यांनी 1994 मध्ये मांडली आणि डिसेंबर 1996 मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. मला ती शेजारच्या गांधीनगरच्या कापडपेठेमुळं उमगली. ईदला कपडा नवा येतो, माणूस तोच असतो. माझ्या सीडीत कपडा जपला गेला होता, आतला माणूस नाही.

दृष्टिहीन वाचकाला संगणक पान वाचून दाखवतो. नुसतं जाड, लाल अक्षर केलं तर ते शीर्षक आहे हे त्याला कसं कळणार? तशी नोंद असली, तर तो थेट तिथं पोचतो.

एका बाबतीत मात्र मी अडून बसलो. पहिल्या पानावर माझ्या ओळी एकमेकींना जोडल्या गेल्या आणि कवितेची बातमी झाली. मुलगी म्हणाली, “रूपाच्या फाईलीत ओळी तोडते.” मी म्हणालो, “नाही बेटा. ओळ कुठं तुटते ही सजावट नव्हे, ती कवितेची हाडं आहेत.” तिला पटलं. तिनं प्रत्येक कडवं, प्रत्येक ओळ बांधणीतच नोंदवली.

श्रोतेहो, आत्ता तुम्हाला माझं अक्षर दिसत नाही, रंग दिसत नाही. तरी मी कुठं थांबलो ते कळतंच ना? तेवढं जपलं पाहिजे. तुमच्या घरी जुन्या फॉन्टातला मजकूर असेल, तर फॉन्टचं नाव आठवतंय तोवर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. माझ्यापाशी वही होती. प्रत्येकापाशी असेलच असं नाही.