पहारेकऱ्यांचे शिक्षण



सायबर सुरक्षेवर व्याख्यान म्हटले की पासवर्ड कसा ठेवावा, अनोळखी फोनला काय उत्तर द्यावे, हे वक्ता सांगेल अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ते सांगणे अवश्यच आहे. परंतु आज आम्हांला निराळ्या माणसांविषयी बोलावयाचे आहे. आपल्या सहकारी बँकेत, रुग्णालयात, सातपूरच्या कारखान्यात जी पाचसहा माणसे संगणकांवर पहारा ठेवतात, त्यांना शिकवावयाचे काय आणि केव्हा, हा आमचा विषय. पहारेकरी नेमला, त्याला काठी आणि शिट्टी दिली, की मालक निर्धास्त झोपतो. वाड्याचे मागचे दार कोठे उघडते हे त्या पहारेकऱ्याला ठाऊक आहे की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातल्या देशात आणखी सुमारे अडीच कोटी गेले. आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेमार्फत सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकंदर रक्कम ९४ कोटींच्या वर. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा सुनावली. कायदा आपल्या गतीने चालला, पण पैसे मात्र तीन दिवसांतच गेले होते.

हे झाले कसे? आपण कार्ड घातले की एटीएम मधल्या एका यंत्रणेला विचारते, ती यंत्रणा बँकेच्या मुख्य खतावणीला विचारते, आणि तेथून होकार आला म्हणजे नोटा बाहेर पडतात. चोरांनी मध्येच एक तोतया यंत्रणा बसवली. ती खतावणीला विचारण्याच्या भानगडीत न पडता परस्पर होकार देत राहिली. तिजोरीचे कुलूप शाबूत, आणि दारात बसलेला कारकून मात्र खोटा!

येथे आम्हांला कोणास दोष द्यावयाचा नाही. धडा तेवढा घ्यावयाचा आहे. पहिला धडा असा की, पैसा कोणत्या वाटेने जातो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तोतया ओळखता येणार नाही. दुसरा असा की, चोर सुट्टी पाहून येतो; म्हणून सुट्टीच्या दिवशी व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी ठरलेले आणि सरावातले हवे. तिसरा धडा इशाऱ्याचा. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने जगभरच्या एटीएमवर असा दरोडा पडण्याचा संभव असल्याचे तेथील बँकांना गुप्तपणे कळविले होते. इशारे असे कोठे ना कोठे निघतच असतात. ते मिळवणे, वाचणे आणि त्यातला आपल्यापुरता अर्थ काढणे, ही शिकण्याचीच विद्या आहे.

आता दुसरी बाजू पाहा. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही खोळंबले. आपल्या नाशिकचा माल ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. पुढे कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. परंतु संगणकांच्या ओळखी सांभाळणाऱ्या यंत्रणेची एकच प्रत वाचली होती; घाना देशात ऐन वेळी वीज गेली, म्हणून! विजेच्या खोळंब्यावर विसंबून कोणी कारखाना चालवू नये. बॅकअप घेणे निराळे आणि बॅकअपवरून काम पुन्हा सुरू करणे निराळे. दुसरी गोष्ट हाताने केल्याखेरीज येत नाही.

सातपूरची अडचण तर आणखी वेगळी. येथे संगणक केवळ कचेरीत नाही, तो यंत्राच्या पोटातही आहे. इराणमधील नतांझच्या अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवणारा स्टक्सनेट २०१० साली उघडकीस आला, तेव्हा यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकालाही, ज्याला कामगार पीएलसी म्हणतात, फितवता येते हे जगाला कळले. कचेरीतला संगणक संशय येताच बंद करता येतो. चालती भट्टी तशी बंद करून चालत नाही. म्हणून ज्याने कधी शॉपफ्लोअरवर पाऊल ठेवले नाही, तो कारखान्याचा पुरा पहारेकरी नव्हे.

मग समतोल शिक्षण म्हणजे काय? फिटरच्या उमेदवाराला आयटीआयमध्ये आधी कानस धरावयाला शिकवतात. मोठी यंत्रे मागाहून येतात. येथेही तोच क्रम हवा. आठवड्याच्या ४८ तासांतले ४ तास शिक्षणासाठी राखले, तर ५० आठवड्यांत माणशी २०० तास होतात. त्यांची वाटणी आम्ही अशी करू. ६० तास पायाला: नेटवर्क, संगणकाची अंतर्रचना आणि नोंदींचे वाचन. ६० तास कवायतीला: खोटा हल्ला ओळखणे, तो अडवणे, बॅकअपवरून काम उभे करणे, आणि यांतली एक तरी कवायत न कळवता, सुट्टीच्या दिवशी. ४० तास ज्याच्या त्याच्या खास विषयाला. २० तास शॉपफ्लोअरवर किंवा हिशेबखात्यात, तेथल्या माणसांकडून शिकण्याला. उरलेले २० तास लिहिण्याबोलण्याला. हे शेवटचे कोणास क्षुल्लक वाटेल; परंतु सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात, आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. घाबरलेल्या माणसाला सहा तासांत नेमके लिहिता येत नाही. त्याची सवय आधीच हवी.

प्रत्येकाचा एक विषय खोल आणि इतर दोन ओळखीचे असावेत. सारी विद्या एकाच हुशार माणसाकडे असली, की त्याच्या रजेबरोबर पहाराही रजेवर जातो.

यावर मालक म्हणतात, "शिकवावे आणि त्याने पुण्याला जावे, हा धंदा कोणी सांगितला?" तक्रार खोटी नाही. परंतु तिला उत्तर आहे. कवायतीत जे कळले ते नोंदवहीत उतरवून ठेवले, तर माणूस गेला तरी विद्या सगळीच जात नाही. शिवाय वीस कामगारांच्या कारखान्याला स्वतंत्र पथक परवडणारही नाही. तेथे आठदहा कारखान्यांनी मिळून एक पथक ठेवावे, कवायती एकत्र कराव्यात. निमासारखी उद्योजकांची संघटना सातपुरातच आहे, आणि सहकार तर महाराष्ट्राला नवा नाही. ऊस एकत्र गाळणाऱ्यांना पहारा एकत्र का करता येऊ नये?

श्रोतेहो, यात आपलेही काम आहे. आपल्यापैकी बरेच जण सहकारी बँकांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत आपण लाभांश विचारतो, अहवालातल्या छपाईच्या चुकाही काढतो. यंदा आणखी दोन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षात सुट्टीच्या दिवशी कवायत झाली काय? आणि बॅकअपवरून बँकेचे काम पुन्हा उभे करून कोणी पाहिले काय? उत्तर नकारार्थी आले तर रागावू नये. पुढच्या सभेची तारीख लिहून ठेवावी, आणि हेच प्रश्न पुन्हा विचारावेत.