जुन्या रहिवाशाचें मत



कोणत्याहि गांवांत दोन ठिकाणीं ज्ञान सांठलेलें असतें. एक कचेरीच्या दप्तरांत आणि दुसरें ओट्यावर, कट्ट्यावर व नळाच्या रांगेंत उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडीं. पहिल्याला आपण माहिती म्हणतों व दुसऱ्याला मत म्हणतों. ह्या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाची खरी किंमत काय आणि त्यावर कोठवर विसंबावें, ह्याविषयीं आज चार शब्द आपल्यापुढें ठेवावयाचे आहेत.

मी सातारचा. तेथेंच मास्तरकी करून निवृत्त झालों. मुलगा नोकरीनिमित्त सांगलीस स्थायिक झाल्यामुळें गेलीं कांहीं वर्षें माझें निम्में वास्तव्य सांगलीस असतें. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून कोणीं धरूं नये. परंतु दोन गांवांच्या कट्ट्यांवर बसून लोकांचें बोलणें ऐकण्याचा योग मला आला, आणि त्या बोलण्याची तुलना करण्याची खोड मास्तरकीनें लावली.

लोकमत किती आत्मविश्वासानें बोलतें, हें पाहावयाचें असेल तर ह्या दोन गांवांच्या नांवांपासूनच आरंभ करावा. अजिंक्यताऱ्याला सतरा बुरूज-दरवाजे म्हणून गांवाचें नांव सातारा, आणि मूळ वस्ती सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असें शाळेंतलें पोर देखील ठासून सांगतें. बुरूज मोजावयास मात्र कोणी गडावर जात नाहीं. ह्यांत कोणाचें नुकसान नाहीं, म्हणून हें मत गोड वाटतें. परंतु ज्या मतावर घर, धान्य आणि प्रसंगीं जीव अवलंबून असतो, त्या मताची गोष्ट निराळी. अशा मतांचा विषय दोन्ही गांवांत एकच आहे आणि तो म्हणजे पाणी.

सातारा व सांगली हीं आज दोन जिल्ह्यांचीं ठाणीं आहेत. १ ऑगस्ट १९४९ रोजीं जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग व विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. कागदावर वांटणी झाली, पण पाण्याची वांटणी कोण करणार? महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईवरून माहुलीस येते, तेथें तिला वेण्णा मिळते. पुढें उरमोडी मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, आणि हा सारा प्रवाह सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पुढें जातो. सातारचा पाऊस हा सांगलीचा पूर असतो.

प्रथम सातारचें पाहूं. सातारा हें उतारावरचें गांव. तेथें पत्ता सांगतांना उजवें-डावें थोडें आणि वर-खालीं फार. राजपथाला पुष्कळ जुनीं माणसें अजून वरचा रस्ताच म्हणतात. शाहू महाराजांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं गडाखालीं राजधानी वसविली, वारांच्या नांवांच्या पेठा पडल्या, आणि यवतेश्वरच्या डोंगराकडील पाणी खापरी नळांनीं हौदांत आणलें गेलें. कमानी हौद हें तर आज एका वस्तीचेंच नांव होऊन बसलें आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कासचा तलाव झाला. तेथून पंचवीसएक किलोमीटर अंतर डोंगराच्या कडेकडेनें उघड्या पाटांतून कापीत पाणी गांवांत येई. त्याला पंप नव्हता, इंजिन नव्हतें; केवळ उताराची युक्ति.

ह्या उतारानें सातारच्या लोकांना एक शास्त्र शिकविलें आहे. खालच्या आळीचे नळ उघडे राहिले कीं वरच्या घरांचा दाब उतरतो, हें समजण्यास तेथें पुस्तक लागत नाहीं. सकाळीं वरच्या खिडकींतून हांक येते, “अहो वहिनी, तुमचें भरलें असेल तर तेवढी तोटी बंद करा हो, आमच्याकडे थेंब नाहीं!” आणि खालची वहिनीहि, कधीं हंसून, कधीं पुटपुटत, तोटी बंद करते. ही हांक म्हणजे सातारचा खरा पाणीपुरवठा कायदा. त्यांत दंड नाहीं, शिक्षा नाहीं. पण वरच्याचें पाणी खालच्याच्या हातीं आहे, ही जाणीव आहे.

तथापि ह्याच गांवीं दुसरें एक मत आहे. पावसाळ्यांत कासच्या सांडव्यावरून पाणी पडलें कीं मोती चौकांत मंडळी म्हणतात, “कास भरलें, वर्षाची निश्चिती झाली!” हें वाक्य माझ्या लहानपणीं खरें होतें. पण ज्या गांवासाठीं तो तलाव बांधला, तें गांव आतां राहिलें आहे कोठें? २०२० सालीं शाहूपुरी, विलासपूर असे मोठे भाग नगरपालिकेच्या हद्दींत आले. उरमोडीवरची शहापूरची योजना कासच्या जोडीला असूनहि, पुढें कासच्या धरणाची उंची वाढवावी लागली. तळें तेंच, वाक्य तेंच. परंतु पिणारीं तोंडें वाढलीं. वाक्य तसेंच राहतें आणि त्याखालची जमीन सरकते, हें आपल्या लक्षांत येत नाहीं.

आतां सांगलीकडे वळूं. सातारा वर पाहतें, तर सांगली खालीं पाहते. हें सपाटीवरचें, नदीकांठचें, व्यापारी गांव. गणपतीचें देवालय, हळदीचे सौदे, सायंकाळीं घाटावरच्या गप्पा, हा तेथला नित्यक्रम. जवळच्या हरिपुरांत जमिनींत पेवें खणून त्यांत हळद सांठवीत. तेथली माती अशी गुणाची, कीं हळद वर्षानुवर्षें त्यांत निर्धास्त राही. कीड नाहीं, ओल नाहीं. कोणत्या जागीं पेंव घ्यावें, हें ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. २००५ च्या महापुरांत पुष्कळ पेवांत पाणी शिरलें, आणि हळूहळू हळद गोदामांत व शीतगृहांत गेली. पिढ्यान्‌पिढ्या खरें ठरलेलें ज्ञान एका पावसाळ्यांत अपुरें पडलें.

पावसाळ्यांत सांगलींत एकमेकांस भेटल्यावर “काय, कसें काय?” असें विचारीत नाहींत, “आज किती फूट?” असें विचारतात. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ४० फूट झालें म्हणजे इशारा व ४५ फूट झालें म्हणजे धोका, हें सरकारी माप. गांवाचें माप ह्याहून सूक्ष्म आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता येथें पाणी आधीं येतें. मग पुढचा चौक, मग अमक्याची पायरी, मग तमक्याचा जोता. कोणतें घर कितव्या फुटाला भिजतें, हें तेथली गृहिणी गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरेल, हें सांगावें तितक्या सहजतेनें सांगते. हें ज्ञान कोणत्याहि नकाशाच्या तोडीचें आहे, असें मी आदरानें म्हणतों.

परंतु ह्या ज्ञानाला एक फट होती. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें. तो पूर लोकांच्या डोळ्यांपुढें इतका ठसला कीं, तेंच शेवटचें माप, त्यापुढें नदीला मर्यादा आहे, असें सर्वांनीं मनाशीं धरलें. भिंतीवरची खूण ही पूर कोठवर आला हें सांगते. पूर कोठवर येईल हें सांगत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टमध्यें हाच भेद विसरला गेला. आमच्या गल्लींतील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या शब्दाला सगळी गल्ली मान देई, शांतपणें म्हणाले, “अहो, २००५ ला उंबऱ्याला लागलें नाहीं, तें आतां काय लागणार!” त्यांच्या भरंवशावर चार घरांनीं सामान हलविलें नाहीं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. दुसऱ्या दिवशीं त्याच गृहस्थांना नावेंतून बाहेर काढावें लागलें, आणि पाठोपाठ त्या चार घरांनाहि.

तीनचार फूट म्हणजे काय? शिडीच्या तीनचार पायऱ्या. पण सपाट गांवांत तीनचार फूट म्हणजे कित्येक गल्ल्या, कित्येक दुकानें, कित्येकांचीं आयुष्यभराचीं कागदपत्रें. १८६९ सालीं स्थापन झालेल्या सांगलीच्या नगरवाचनालयांत त्या वर्षीं पाणी शिरून हजारों ग्रंथांचा लगदा झाला. आणि ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें, पुरांतून बाहेर पडूं पाहणाऱ्यांची नाव उलटून अनेक माणसें बुडालीं. पाणी अंगाशीं आल्यावर निघणें आणि पाणी येण्यापूर्वीं निघणें, ह्यांतलें अंतर अशा वेळीं कळतें.

पूर ओसरला कीं मतांचा पूर येतो. सांगलीच्या कट्ट्यावर ऐकावें तर दोष अलमट्टीच्या धरणाचा. कोणी म्हणतो, कोयनेचें पाणी एकदम सोडलें. कोणी म्हणतो, महानगरपालिका निजली होती. २०१९ च्या पुरानंतर सरकारनें नेमलेल्या वडनेरे समितीनें २०२० सालीं अहवाल दिला. त्यांत अतिवृष्टीवर व पूरक्षेत्रांतील अतिक्रमणांवर बोट ठेवलें होतें. पुराचें खापर अलमट्टीवर फोडलें नव्हतें. पुष्कळांना तें अजून पटलेलें नाहीं. धरणांतून पाणी केव्हां व किती सोडावें, हा प्रश्न खराच आहे, आणि अलमट्टीची उंची वाढूं नये म्हणून झगडणाऱ्यांच्या भीतीला मी पोकळ म्हणणार नाहीं. मला खटकतें तें एवढेंच कीं, आमच्या मतांतला दोषी नेहमीं दूर राहणारा असतो. ओढ्यावर भराव टाकून ज्यानें इमारत उठविली, तो जवळ राहतो; तो आमच्या लग्नकार्यांत पंगतीला असतो; कदाचित् त्याच इमारतींत आमचा सदनिका घेण्याचा विचार चाललेला असतो. त्याच्याविषयीं कट्टा गप्प बसतो. दोनशें किलोमीटरवरच्या धरणाविषयीं बोलण्यास धैर्य लागत नाहीं. पाठीमागच्या ओढ्याविषयीं बोलण्यास लागतें.

मग जुन्या रहिवाशाचें मत टाकाऊ समजावें काय? मुळींच नाहीं. तरुण मंडळी हातांतल्या मोबाईलवर कोयनेच्या १०५ टी.एम.सी. सांठ्यापैकीं आज किती भरलें, हें क्षणांत पाहतात. तें पाहावें, अवश्य पाहावें. परंतु आपल्या मागच्या नाल्याला कोणत्या बाजूनें तोंड फुटतें, हें मोबाईल सांगत नाहीं. तें शेजारच्या आजीच सांगतात. दोन्हीं ज्ञानें एकत्र आलीं तर काय होतें, तें २०२१ च्या जुलैंत थोडें दिसलें. तेव्हांहि पाणी ५४ फुटांच्या वर गेलें; पण पुष्कळ कुटुंबांनीं आंकडा ऐकला, मागली आठवण जागविली, आणि वेळेवर घर सोडलें.

म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना माझें एक मागणें आहे. आपण जें सांगतों, तें सालासकट व मापासकट सांगावें. “आमच्याकडे पाणी येत नाहीं,” असें म्हणूं नये. “२००५ सालीं पुलापाशीं ५३ फूट असतांना आमच्या दुसऱ्या पायरीला पाणी होतें,” असें म्हणावें. पहिल्या वाक्यानें शेजारी झोंपतो. दुसऱ्या वाक्यानें तो हिशेब करतो. आणि त्या हिशेबांत दोन फूट नदीच्या नांवानें जास्त धरावयास त्याला सांगावें. हेंच सातारास लागू. “कास भरलें” एवढेंच न म्हणतां, “कास भरलें, पण गांव वाढलें,” असें पुरें वाक्य म्हणावें.

शिक्षकबंधूंनाहि एक सुचवितों. भूगोलाच्या तासाला मुलांना दूरच्या नद्यांचीं खोरीं पाठ करावयास लावतां, तीं लावावींत. पण एक दिवस सांगलीच्या मुलांना पट्टी घेऊन आपापल्या गल्लींतील पुराच्या खुणा मोजावयास पाठवावें व जुन्या माणसांना सालें विचारून वहींत लिहवून घ्यावें. सातारच्या मुलांना आपल्या पेठेंतले हौद, आड व झरे मोजावयास लावावें. कोणते जिवंत आहेत, कोणते कचऱ्यानें बुजले, हें त्यांनीं लिहावें. अशी वही दहा शाळांत तयार झाली तर ओट्यावरचें ज्ञान दप्तरांत जाईल, आणि तें सांगणारा माणूस गेला तरी बुडणार नाहीं.

गांवाची म्हातारी माणसें हीं गांवाची स्मृति असतात. परंतु स्मृतीनें मागचें सांगावें. पुढची हमी देऊं नये. पुढची हमी नदी देत नाहीं, तलाव देत नाहीं. मग साठी उलटलेल्या मास्तरानें ती कोणत्या तोंडानें द्यावी? आपण वाटाड्याचें काम करावें. वाट चालणाऱ्यानें आपले डोळे उघडे ठेवावेत, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.