तेरवी साधते, मग वारसनोंद का साधत नाही?

(वसमत येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



हळदीच्या काढणीचे व शिजवणीचे दिवस. घरोघर कढया चुलीवर असता तुम्ही कामे टाकून आलात, तेव्हा तुमचा वेळ मी फुकट दवडणार नाही. मी वकील नाही. तुमच्यासारखाच शेतकऱ्याचा मुलगा आहे. ठेचा खाऊन जे शिकलो ते सांगतो.

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. ती कोणाच्या फायद्याची, याचा विचार कधी केलात काय? जे ती पायरी रोज चढतात, ते ही म्हण आपल्या घरी सांगत नाहीत. कोर्टात जाण्याची वेळ येऊ नये हे खरे. पण ती येऊ नये म्हणूनच कागद वेळेवर करावा लागतो. कागदाला भिणारा शेवटी कोर्टातच जातो, आणि तेथे रिकाम्या हाताने जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. घरातला कर्ता पुरुष वारला की आपण काय करतो? तिसरा दिवस, दहावा दिवस, तेरवी! त्यात एक दिवसही चुकत नाही. पैसा नसेल तर व्याजाने काढतो, पण पंगती उठवतो. मेलेल्याच्या नावाने पिंडाला कावळा शिवला की नाही याची आपल्याला काळजी. पण त्याच्या जमिनीला वारसाचे नाव शिवले की नाही, हे कोणी पाहत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम १४९ प्रमाणे, वारसाने जमीन मिळाली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे असे आहे. तेरा दिवस पाळणारा समाज हे तीन महिने मात्र पाळत नाही.

परिणाम काय झाला? सातबाऱ्यावर मेलेली माणसे शेती करीत राहिली! हे मी थट्टेने बोलत नाही. सरकारलाच २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून मृतांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घ्यावे लागले. जमीन बापाच्या नावावर, बाप गेलेला. मग पीककर्ज अडते, विम्याचे पैसे अडतात, गारपिटीचे अनुदान अडते. पाऊस पडला म्हणून नव्हे, तर नाव नाही म्हणून घर बुडते.

पद्धत अवघड नाही. मृत्यूचा दाखला घ्यावा. सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते लिहून प्रतिज्ञापत्रासह तलाठ्याकडे अर्ज द्यावा. (तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) अर्जाची पोच मागून घ्यावी. पोच मागणे हा उद्धटपणा नव्हे. मग फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस निघते, हरकत घेण्यास पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तीन महिने टळले म्हणून हक्क बुडत नाही. नोंद नंतरही होते. पण उशीर झाला की वारसांचे वारस वाढतात, आणि सोपे काम गुंत्याचे होते.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद महसुलाच्या कामापुरती असते. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे. म्हणून एखाद्या भावाने आपल्या एकट्याचे नाव लावून घेतले, तरी बाकीच्यांचा हक्क मरत नाही. पण झोपून राहिलात तर तो भाऊ जमीन विकून मोकळा होईल आणि तुम्ही विकत घेणाऱ्याशी भांडत बसाल.

वारस कोण? हिंदू वारसा कायदा १९५६ चा. तो बौद्ध, जैन व शीख बांधवांनाही लागू आहे. बापाने स्वतः कमावलेली आठ एकर जमीन आहे, मृत्युपत्र नाही, मागे विधवा, दोन मुलगे व एक मुलगी आहे असे धरा. चौघांना सारखे दोन दोन एकर. मयताची आई हयात असेल तर तीही पाचवी वाटेकरी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलासारखा जन्मापासून ठरला. आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात नसला तरी तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत पत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र मोडत नाही. मुसलमान बांधवांत तर मुलाच्या निम्मा वाटा मुलीला धर्मानेच दिला आहे. पण तिकडेही किती बहिणींच्या हाती तो पडतो, हे त्यांनी आपल्या मनाला विचारावे.

येथे मला माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. तुम्हांला उपदेश करायचा आणि आपले पाप झाकायचे, हे आपल्या चळवळीला शोभणार नाही. आमचे वडील वारले. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. बहिणीला आम्ही म्हणालो, “अक्का, वारसनोंदीला तुझी सही लागते, चल.” ती बिचारी लुगडे सावरीत आली. नोंदणी कचेरीत तिने सही केली, अंगठा उमटवला आणि आमच्या लेकरांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवून सासरी गेली. ते हक्कसोडपत्र होते. आम्ही तिला ते वाचून दाखवले नाही. चार वर्षांनी तिचा नवरा गेला. सासरच्यांनी तिला दारात उभे केले नाही. ती दोन पोरे घेऊन आमच्या दारी आली आणि एवढेच म्हणाली, “दादा, बापाच्या रानात मला एक गोठ्याएवढी जागा दे.” बंधूंनो, भटजीने फसवले, सावकाराने फसवले, असे मी सभांतून ओरडत होतो. माझ्या अक्काला कोणी फसवले? मी फसवले. माझ्या वाट्यातली दीड एकर जमीन मी तिला नोंदणी करून बक्षीसपत्राने दिली. धाकटा भाऊ अजून तयार नाही. त्याचे मन वळवणे चालू आहे.

म्हणून भगिनींनो, वाचून घेतल्यावाचून सही करू नका. साध्या कागदावर “माझी हरकत नाही” लिहून दिल्याने जमिनीचा हक्क सुटत नाही. त्याला नोंदणी लागते. पण नोंदणी कचेरीत एकदा सही झाली की तो हक्क परत आणणे फार कठीण. भावाची माया वेगळी आणि वाटा वेगळा. ज्याची माया खरी आहे, तो वाटा मागितल्याने रुसणार नाही. आणि पुरुषांनो, १९८९ नंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली, तेव्हा अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. ते काही भिकेला लागले नाहीत.

भाऊबंदकी टाळण्याचा दुसरा उपाय मृत्युपत्र. म्हाताऱ्याला त्याचे नाव काढले की वाटते, पोरे मरणाची वाट पाहतात. पण महात्मा जोतीरावांनी काय केले ते ऐका. त्यांनी यशवंतास दत्तक घेतले होते. भाऊबंद पुढे काय करतील हे ओळखून त्यांनी १८८७ साली मृत्युपत्र करून ठेवले. १८९० साली ते वारले, तेव्हा टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी खरोखरच वाद काढला, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती धरले. मृत्युपत्रास करणाऱ्याची सही व दोन साक्षीदार पुरेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नये.

आता कारागीर बंधूंसाठी थोडके. दुकानाची जागा भाड्याने घेतली तर करार लेखी व नोंदणी केलेला हवा; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर आहे. भाड्याची पावती महिन्याच्या महिन्याला मागावी. उधारी लिहून, सही घेऊन ठेवावी. तीन वर्षे गप्प बसलात तर दाव्याची मुदत जाते. मोंढ्यात हळद घातली की काटापट्टी व हिशोबपट्टी घेतल्यावाचून घरी येऊ नये. आणि कोऱ्या धनादेशावर सही करून तो कोणाच्या हाती देऊ नये.

सावकाराविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. आज जाळपोळीची गरज नाही, पण कागद ओळखण्याची आहे. कर्ज घ्यायचे आणि तारण म्हणून खरेदीखत करून द्यायचे, ही आपली जुनी खोड. “पैसे फेडले की परत करतो,” हे तोंडी वचन खरेदीखतात कोठेच नसते. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, कोऱ्या कागदावर सही घेणेही गुन्हा आहे. अशा रीतीने गेलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्याला मुदत असते, म्हणून उशीर करू नये.

वकिलाला पैसा नाही, हे कारणही आता पुरत नाही. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना व कमी उत्पन्नाच्या माणसांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा. लोकअदालतीत समेट झाला तर तो निकाल अखेरचा असतो, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

बंधूंनो, निजामी अमलात आपल्या वाडवडिलांच्या जमिनीचे दप्तर पटवाऱ्याच्या घरी, आणि लिपी मोडी किंवा उर्दू! कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले, ते दप्तर एका घराच्या मुठीतून सुटावे म्हणूनच. आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा कोणालाही संगणकावरून काढता येतो. दप्तर उघडले, आता आपले डोळे उघडायचे राहिले आहेत.

म्हणून एवढेच करा. आज घरी गेल्यावर सातबारा काढा. पोराला नव्हे, शाळेत जाणाऱ्या पोरीला तो मोठ्याने वाचायला सांगा. त्यावर मेलेल्या माणसाचे नाव असेल तर उद्याच अर्ज द्या. आणि अर्जात बहिणीचे नाव लिहिल्याशिवाय खाली सही करू नका.