पाहुणा आपल्या गावचा, पैसाही आपल्या गावचा



आज आपण पर्यटनाविषयी बोलू. शब्द जड वाटतो, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. तेव्हा काय होतं? बुक्का खपतो. तुळशीच्या माळा खपतात. चंद्रभागेतल्या होडीवाल्याला चार पैसे मिळतात. लोक देवाला येवोत, किल्ला पाहायला येवोत, नाहीतर समुद्र पाहायला, हिशेब एकच. माणसं आली की कामं निघतात.

मग यात सरकारचं काय काम? एकटा होडीवाला रस्ता बांधू शकत नाही. एकटी खाणावळवाली देशोदेशी जाहिरात करू शकत नाही. ते काम सरकारचं. १९६६ साली भारत पर्यटन विकास महामंडळ निघाले. १९७५ साली आपल्या महाराष्ट्राचे महामंडळ निघाले. १९८२ साली देशाचे पहिले पर्यटन धोरण जाहीर झाले, २००२ साली दुसरे. धोरण म्हणजे काय? पैसा कुठे घालायचा, सवलत कोणाला द्यायची, नियम कोणते लावायचे, हे आधी ठरवून ठेवणे.

आता मालवणकडे पाहा. शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला तिथे भर समुद्रात उभा आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, आणि सिंधुदुर्ग त्यांतलाच एक. होडीशिवाय या किल्ल्यावर जाता येत नाही. म्हणून तिथे होडीवाल्यांची चूल पेटते. जवळच्या तारकर्ली-देवबागेत लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. घरच्या बायका मासे रांधतात, सोलकढी करतात. अशा घरांसाठी ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरणही केले. शेतकऱ्याने पाहुण्याला शेत दाखवावे, हुरडा खाऊ घालावा, चार पैसे जोडावे, हा त्याचा हेतू.

पण एक गोष्ट नीट ऐका. रस्ता झाला की जमिनीचा भाव चढतो. मोटारीतून कोणी येतो, नोटांची थप्पी पुढे ठेवतो. भाऊ भुलतो, सही करतो. लग्नात, घर बांधण्यात पैसा सरतो. मग त्याच जमिनीवर हॉटेल उठते, आणि भाऊ तिथे राखणदार होतो! रस्ता सरकारने केला, पाहुणा आला, आणि नफा तिसऱ्याच्या खिशात गेला.

हे टाळायचे कसे? जमीन विकण्याआधी घरात बसून विचार करा. बायकामाणसांनाही विचारा. समजल्याशिवाय कागदावर सही करू नका. तुम्ही आता वाचायला शिकलात, तर कागद स्वतः वाचा. एकट्याला जमत नसेल, तर चार घरे मिळून धंदा करा. बचत गट असेल तर त्याची मदत घ्या. आपल्या घराची रीतसर नोंदणी करा. योजना कोणत्या, हे ग्रामसभेत विचारा.

आणखी दोन गोष्टी. पाहुण्याला दर आधी सांगा आणि तोच घ्या. फसलेला पाहुणा परत येत नाही. विहीर, किनारा, किल्ला स्वच्छ राखा. पाहुणा ते पाहायलाच येतो. घाण झाली तर तो दुसऱ्या गावी जाईल. आपल्याला मात्र इथेच राहायचे आहे.

सरकार रस्ता देईल, जाहिरात करील. पण पाहुण्याला जेवू घालायचे आणि आपली जमीन सांभाळायची, हे काम गावाचेच. जुनी माणसे सांगून गेलीत, गाव करील ते राव काय करील?